न दुखणारा चट्टा: दुसऱ्या टप्प्यातला सिफिलिस तोंडात कसा ओळखायचा

दातांच्या ओपीडीत बसायला लागलात की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य तुमच्या कानांना सरावेल: "डॉक्टर, तोंड आलंय." दहातल्या नऊ जणांचं खरोखरच साधं तोंड आलेलं असतं. जागरण, परीक्षा, टोचणारा दात, रक्त कमी, तिखट जेवण. बी-कॉम्प्लेक्स आणि जेल लिहून देण्याची हाताला सवय लागते. हा लेख उरलेल्या एकासाठी आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आला होता. इमारतींचं रंगकाम करायचा. जिभेच्या कडेला आणि खालच्या ओठाच्या आत पांढुरके चट्टे, तीन आठवड्यांपासून. "दुखत नाही मॅडम, फक्त खरखर लागतं," असं तो दोनदा म्हणाला. मी जेल दिलं. दहा दिवसांनी परत आला तेव्हा तळहातांवर तांबूस डाग होते. "थिनरमुळे झालं असेल," तो म्हणाला, आणि मला ते पटलं. मी गोळ्या बदलून दिल्या. दोन महिन्यांनी त्वचारोग विभागात निदान झालं: सिफिलिसचा दुसरा टप्पा. तोपर्यंत त्याची बायको पाच महिन्यांची गरोदर होती. त्याने दोनदा सांगितलेलं "दुखत नाही" मी नीट ऐकलं असतं तर त्या दोघांचे दोन महिने वाचले असते. म्हणून नव्या इंटर्न्सना मी हा विषय सगळ्यात आधी शिकवते.

आधी आजाराचा वेग समजून घ्या

ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या, स्क्रूसारखे पीळ असलेल्या जिवाणूमुळे सिफिलिस होतो, आणि तो मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन यांनी १९०५ मध्ये बर्लिनमध्ये तो शोधून काढला. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) जिवाणू शिरला त्या जागी एक टणक, न दुखणारा व्रण उठतो. तो पहिला टप्पा. जननेंद्रियावर असला तर किमान दिसतो तरी. गुदद्वारात, योनीत किंवा घशात असला तर पत्ताच लागत नाही. काही आठवड्यांत तो आपोआप भरून येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण जिवाणू तोवर रक्तातून सगळीकडे पोहोचलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अंगावर पुरळ, बारीक ताप, घसा बसणं, अंग मोडून येणं सुरू होतं. हा दुसरा टप्पा, आणि याच टप्प्यात बऱ्याच रुग्णांच्या तोंडात चिन्हं दिसतात.

ही चिन्हंही उपचाराविना मावळतात. नवख्या डॉक्टरला सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. तुम्ही दिलेल्या जेलने चट्टे गेले असं तुम्हाला वाटतं, रुग्णालाही वाटतं. आजार मात्र आत दबून राहतो आणि पुढे काही वर्षांनी काही जणांच्या हृदयाच्या महाधमनीला किंवा मेंदूला धरतो.

पायरी पहिली: रुग्णाचे शब्द नीट ऐका

मराठीत इथे एक खास गफलत होते. "अंगात गरमी झालीय", "उष्णता वाढलीय" असं रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा पित्त किंवा उन्हाळी म्हणायचं असतं. पण जुन्या मराठीत 'गरमी' हे सिफिलिसचंच नाव आहे. खेड्यातल्या एखाद्या आजोबांनी "तरुणपणी गरमी झाली होती, वैद्याकडून औषध घेतलं" असं सांगितलं तर त्याचा अर्थ उन्हाचा त्रास असा लावू नका. 'उपदंश' हा पाठ्यपुस्तकातला शब्द. आणि सोळाव्या शतकापासून आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'फिरंगरोग' हे नाव आलं ते पोर्तुगिजांसोबत हा रोग आपल्या किनाऱ्यावर उतरला म्हणून. रुग्ण कोणता शब्द वापरतो ते कान देऊन ऐका आणि उलट विचारा: "गरमी म्हणजे नेमकं काय होतंय? मला दाखवा."

दोन प्रश्न प्रत्येक तोंड आलेल्याला विचाराच. किती दिवस झाले? आणि जेवताना झोंबतं का? साधं तोंड आलेलं असलं की माणूस पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणतो, आणि सात ते चौदा दिवसांत मोकळा होतो. तीन आठवडे उलटलेत, चट्टा मोठा आहे, तरी माणूस वडापाव आरामात खातोय, हे गणित जुळत नाही. तिथे थांबायचं. सिफिलिसचे चट्टे कधी कधी थोडे दुखतातही, हेही लक्षात असू द्या. पण दिसतात त्या मानाने दुखणं कमीच असतं.

पायरी दुसरी: उजेड घ्या आणि सगळं तोंड बघा

रुग्णाने बोट दाखवलं तेवढीच जागा बघून आरसा खाली ठेवू नका. ग्लोव्हज घाला. कवळी असेल तर काढायला सांगा. गॉजच्या तुकड्यात जिभेचं टोक धरा, हळूच बाहेर ओढा, आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवा. जिभेच्या कडेचा मागचा भाग असा बघितल्याशिवाय दिसत नाही. मग जीभ वर उचलायला सांगा. ओठ उलटे करून बघा. शेवटी "आ" म्हणायला लावा म्हणजे मऊ टाळू, पडजीभ आणि टॉन्सिल समोर येतील. सगळ्याला मिळून दीड मिनिट लागतं.

यात काय शोधायचं?

सगळ्यात नेहमीचं चिन्ह म्हणजे म्यूकस पॅच. लंबगोल किंवा गोल, किंचित उचललेला चट्टा, वर राखाडी-पांढरा पापुद्रा आणि भोवती लालसर कडा. पहिल्यांदा बघाल तेव्हा ओला टिश्यू पेपर चिकटून राहिल्यासारखा वाटेल. पापुद्रा निघाला तर खाली लाल, उथळ, सोललेली जागा दिसते. जीभ, ओठांची आतली बाजू, मऊ टाळू, टॉन्सिल या त्याच्या आवडत्या जागा. बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त असतात, आणि कधी कधी दोन्ही बाजूंना.

असे दोन-तीन चट्टे एकमेकांत मिसळले की वेडीवाकडी पट्टी तयार होते. पावसाळ्यात गोगलगाय भिंतीवरून गेली की मागे जी चकचकीत वळणदार रेघ राहते, अगदी तशी. पुस्तकातही तिचं नाव गोगलगायीवरूनच पडलेलं आहे. मऊ टाळूवर किंवा टॉन्सिलच्या कमानीवर अशी पट्टी दिसली आणि दुखत नसली, तर बाकी काही सुचायच्या आधी सिफिलिस सुचला पाहिजे.

तिसरं रूप जिभेच्या पाठीवर दिसतं. जिभेवरचे बारीक दाणे झडून गुळगुळीत, गुलाबी, गोलसर जागा उरतात. फ्रेंच डॉक्टरांनी याला 'गवत कापलेलं कुरण' असं नाव दिलं होतं, आणि एकदा पाहिलंत की ते विसरणार नाही. नकाशासारखी जीभ वेगळी: तिच्या जागा दर काही दिवसांनी बदलतात, कडेला पिवळट-पांढरी किनार असते, आणि रुग्ण बहुधा सांगतो की लहानपणापासून आहे.

जिवणीच्या कोपऱ्यात मधोमध चीर गेलेली फुगीर पुटकुळी हे चौथं रूप. यालाच आपण 'जिवणी फाटली' समजून मलम देतो. कोपरा फाटण्यात नुसती चीर असते. इथे चिरेच्या दोन्ही बाजूंना उंचवटा असतो. कठीण टाळूवर सपाट लाल ठिपके किंवा ओठावर चामखिळीसारखी मऊ वाढही दिसू शकते, पण ती कमी वेळा.

पायरी तिसरी: ज्यांच्याशी गल्लत होते ते बाजूला काढा

आपल्याकडे मोठा गोंधळ तंबाखूमुळे होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ओपीडीतल्या गालांवर त्याचा परिणाम अजून रोज दिसतो. मिश्री, तंबाखू-चुना, मावा घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला की आपलं डोकं थेट ल्यूकोप्लाकियाकडे (पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याकडे) धावतं. बहुतेक वेळा बरोबरच धावतं. तरी जिथे तंबाखू धरतो त्या जागेचा आणि चट्ट्याचा मेळ बसतो का ते बघा. डाव्या गालात विडा आणि चट्टे मऊ टाळूवर, असं असेल तर तंबाखूवर सगळं ढकलू नका. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: एकच व्रण, कडा जाड, तळ टणक, दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, तर आधी कॅन्सर नाही याची खात्री करायची. बायोप्सी टाळायची नाही. पॅथॉलॉजिस्टला पाठवताना "सिफिलिसची शंका" एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहा. ते वाचून प्लाझ्मा पेशींचा थर बघून तो खास रंगचाचणी लावेल, नाहीतर रिपोर्ट 'जुनाट सूज' एवढाच येईल.

कँडिडा बुरशीचा पांढरा थर गॉजने पुसला की दह्यासारखा सहज निघतो. लायकेन प्लॅनसमध्ये दोन्ही गालांवर पांढऱ्या रेघांची जाळी असते आणि ती महिनोन् महिने राहते. हर्पिसमध्ये आधी पाण्याचे बारीक फोड येतात आणि ते भरपूर दुखतात. पेम्फिगसमध्ये फोड फुटून मोठ्या, अतिशय वेदना देणाऱ्या जागा सोलतात. हात, पाय आणि तोंड तिन्हीकडे एकदम आलं तर मुलांकडून मोठ्यांना होणारा हँड-फूट-माउथ आजारही आठवावा, पण तो आठवड्या-दहा दिवसांत उरकतो. हे सगळं शिकूनही कधी कधी निव्वळ बघून ठरवता येत नाही. सिफिलिस कुणाचंही सोंग घेतो, म्हणून शंका आली की रक्ततपासणी, एवढा साधा नियम ठेवा.

पायरी चौथी: आरसा ठेवा आणि हात बघा

हे काम दंतवैद्याचं नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. "जरा दोन्ही हात उघडून दाखवा" म्हणायला पाच सेकंद लागतात. तळहातांवर आणि तळपायांवर न खाजणारे तांबूस-तपकिरी डाग, कधी वर बारीक साल निघत असलेली, हे फार बोलकं लक्षण आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, डाग काळपट-तांबडे दिसतात. हात खिडकीच्या उजेडात धरा. रंगकाम, सिमेंट, साबण, यांच्यावर दोष टाकायची घाई मी केली होती. तळपायाला थिनर लागत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मग मानेच्या गाठी चाचपा. टणक, रबरासारख्या, न दुखणाऱ्या गाठी बऱ्याच ठिकाणी असतात. कोपराच्या आतल्या बाजूलाही एक सापडली तर शंका पक्की होत जाते. डोक्याकडे बघा: कसर लागलेल्या लोकरीसारखे ठिकठिकाणी केस विरळ झालेत का? आणि हे तीन प्रश्न विसरू नका: डोकं सतत दुखतंय का, नजर धूसर झालीय का, कानाला कमी ऐकू येतंय किंवा आवाज येतोय का? यातलं एक जरी 'हो' असलं तर रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. डोळा, कान आणि मज्जासंस्थेचा सिफिलिस असेल तर उपचार वेगळा असतो, शिरेतून द्यावा लागतो.

पायरी पाचवी: विचारायचं कसं

खरी अडचण इथे आहे. आपल्या ओपीडीत खुर्च्यांची रांग असते, दोन खुर्च्यांमध्ये पडदाही नसतो, आणि शेजारच्या खुर्चीवर त्याच गावचा माणूस असू शकतो. तिथे हे प्रश्न विचारू नका. एक्स-रेच्या खोलीत न्या, नातेवाइकांना बाहेर बसायला सांगा, दार लोटा.

मी असं सुरू करते: "दादा, तोंडातल्या चट्ट्यांची बरीच कारणं असतात. काही संबंधातून होणारीही असतात. म्हणून असे चट्टे असलेल्या सगळ्यांनाच मी हे विचारते. तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील." मग सरळ, साध्या शब्दांत: गेल्या सहा महिन्यांत कुणाशी संबंध आला का? नवीन जोडीदार? पुरुष, स्त्री की दोन्ही? तोंडाने संबंध झाला का? निरोध वापरला होता का? लग्न झालंय म्हणून पुरुषांशी संबंध नसेल असं गृहीत धरायचं नाही. आणि 'वाईट सवयी', 'बाहेरख्याली' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. ते ऐकल्यावर माणूस मान हलवतो, "नाही, तसलं काही नाही" म्हणतो, आणि परत येत नाही.

बाईला विचारताना आणखी जपा. तिचा संबंध फक्त नवऱ्याशी असेल आणि आजार घरातच आला असेल, अशी शक्यता मोठी असते. "ताई, तुमचा यात काही दोष नाही, याला पक्कं औषध आहे," हे वाक्य तपासणीचा कागद हातात देण्याआधी म्हणा. पाळी चुकलीय का, दिवस गेलेत का, हे विचाराच. रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल तर एकट्याने काही ठरवू नका, लगेच वरिष्ठांना सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे.

केसपेपरवर मोठ्या अक्षरांत 'सिफिलिस?' लिहून तो वॉर्डबॉयच्या हाती देऊ नका. बंद पाकीट वापरा.

पायरी सहावी: तपासण्या

व्हीडीआरएल किंवा आरपीआर, सोबत टीपीएचए (या सिफिलिसच्या रक्ततपासण्या), आणि रुग्णाच्या संमतीने एचआयव्ही. या तिन्ही एकदमच सांगा, म्हणजे रुग्णाला दोनदा रजा काढावी लागत नाही. व्हीडीआरएलचा निकाल नुसता 'रिअॅक्टिव्ह' आला तर समाधान मानू नका, १:१६, १:३२ असा टायटर (रक्त किती पट पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) मागा. पुढे औषध लागू पडलं की नाही हे त्याच आकड्यावरून कळणार आहे. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची आयुष्यभर तशीच राहते, तिच्यावरून बरं झालं की नाही ते ठरवू नये. गरोदरपण, कुष्ठरोग, मलेरिया, ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) यांत व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणूनच जोडीला टीपीएचए हवी.

दुसऱ्या टप्प्यात या तपासण्या जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह येतात. तरी कधी क्वचित चिन्हं ठळक आणि व्हीडीआरएल मात्र निगेटिव्ह असं होतं. रक्तात प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की चाचणी उमटतच नाही. याला प्रोझोन म्हणतात. प्रयोगशाळेला फोन करा आणि "सीरम पातळ करून परत लावा" एवढं सांगा. त्या एका फोनने निदान हाती लागतं.

तोंडातल्या चट्ट्याचा स्राव डार्कफील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू चमकताना दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा मोह टाळा. निरोगी तोंडातही हिरड्यांपाशी याच कुळातले निरुपद्रवी जिवाणू असतात, ते दिसायला सारखेच.

पायरी सातवी: योग्य दारी पोहोचवा

उपचार आपण खुर्चीवर करायचा नाही, पण माहीत हवा, कारण रुग्ण पहिला प्रश्न तोच विचारतो. पेनिसिलीनने हा आजार बरा होतो हे १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी दाखवलं, आणि आजही पहिलं औषध तेच आहे: बेंझाथिन पेनिसिलीन, २४ लाख युनिट, एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. अॅलर्जीची चाचणी करून, तयारी असलेल्या ठिकाणीच. औषध घट्ट असतं, सुई जाड लागते, दोन दिवस बसताना दुखतं. आधी सांगितलं तर रुग्ण घाबरत नाही. पेनिसिलीन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. गरोदर बाईला मात्र डॉक्सिसायक्लिन नाही. तिला अॅलर्जी असली तरी रुग्णालयात भरती करून पेनिसिलीनच द्यावं लागतं.

इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो आणि पुरळ जास्त लाल होतं. ती औषधाची अॅलर्जी नसते, मरणाऱ्या जिवाणूंची प्रतिक्रिया असते. पॅरासिटामॉल पुरतं. मात्र गरोदर बाईला कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तिने ताबडतोब रुग्णालयात यायचं, हेही इंजेक्शनच्या आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडून एक चूक होऊ नये: दातासाठी देतो तसं पाच दिवसांचं अमॉक्सिसिलिन 'बघू या' म्हणून देऊन टाकणं. तो या आजाराचा उपचार नाही, आणि रुग्ण "औषध घेतलं" समजून घरी बसतो.

पाठवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नॅकोचं (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं) सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत मिळतं. १०९७ ही नॅकोची मोफत हेल्पलाइन. मी नुसती चिठ्ठी देत नाही. शक्य असेल तर इंटर्नला सोबत पाठवते. "दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून तिसरी खोली" असं सांगितलेला रुग्ण पुष्कळदा जिन्यातूनच परत फिरतो.

तोपर्यंत तुमच्या खुर्चीचं काय? म्यूकस पॅचमध्ये जिवाणू खच्चून भरलेले असतात. दात साफ करणं, चांदी भरणं यांसारखी घाई नसलेली कामं चट्टे भरेपर्यंत पुढे ढकला. ग्लोव्हज वापरायचा प्रघात नव्हता त्या काळात दंतवैद्यांच्या बोटांवर या आजाराचे व्रण उठल्याच्या नोंदी आहेत. ग्लोव्हज, मास्क, चष्मा आणि नेहमीचं ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणं) एवढं पुरेसं आहे. शरीराबाहेर हा जिवाणू फार टिकत नाही. वेगळी खुर्ची, वेगळा पेला, शेवटचा नंबर असला प्रकार अजिबात नको. रुग्णालाही सांगा: ताट-वाटी, संडास, टॉवेल यांतून घरच्यांना होण्याची भीती नको, पण चट्टे पूर्ण भरेपर्यंत चुंबन आणि कुठल्याही प्रकारचा संबंध बंद.

पायरी आठवी: जोडीदार आणि पुढची तारीख

रुग्णाला दुसऱ्या टप्प्याची चिन्हं आहेत म्हणजे लागण काही महिन्यांपूर्वीची आहे. चिन्हं सुरू व्हायच्या आधीच्या सहा महिन्यांतले आणि तेव्हापासूनचे जोडीदार तपासायला हवेत. शेवटच्या ९० दिवसांत संबंध आला असेल तर जोडीदाराची तपासणी निगेटिव्ह असली तरी उपचार देतात, कारण तेवढ्यात रक्तात काही दिसेलच असं नाही. "घरी कसं सांगू?" असं विचारणाऱ्याला एकटं सोडू नका, समुपदेशकासमोर दोघांना एकत्र बोलावता येतं.

रंगकाम करणाऱ्या त्या मुलाने बायकोला तसंच आणलं. गरोदरपणाच्या तपासण्यांत तिची व्हीडीआरएल राहून गेली होती. पॉझिटिव्ह निघाली. तिला पेनिसिलीन मिळालं. उपचार न झालेल्या गरोदर बाईचं बाळ पोटात दगावू शकतं, किंवा आजार घेऊनच जन्मतं आणि पुढे त्याचे पक्के दात खाच पडलेले, पेचकसच्या टोकासारखे येतात. तिला मुलगी झाली, सुखरूप.

पुढच्या तारखा तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. टायटर चौपटीने उतरला पाहिजे, म्हणजे १:३२ चा १:८ किंवा त्याहून खाली. उतरला नाही किंवा पुन्हा चढला तर परत त्वचारोग विभागात. तारखेला रुग्ण आला की तोंड पुन्हा पहिल्यासारखंच पूर्ण बघा. तो मुलगा तीन महिन्यांनी आला तेव्हा मी गॉजमध्ये जीभ धरून कडेला वळवली. चट्टे गेले होते, गुळगुळीत झालेल्या जागांवर दाणे परत उगवले होते, आणि रिपोर्टवर १:८ होतं. मग त्याच्या खालच्या दाढेतली कीड काढली, कारण तो मुळात त्यासाठीच पहिल्यांदा आला होता.